उकळलेली कवळी

लोकांच्या तोंडात दात बसवण्याचं काम मी करतो. गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझी दातांची लॅब आहे. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट येतात. माझ्याकडे एक खिडकी, एक ओटा, घासायची मोटर, प्लास्टरचं पोतं आणि सगळ्यावर बसलेली पांढरी धूळ. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावर कवळी करून देतो. पेशंट आभार डॉक्टरांचे मानतो. माझं नाव कुणाला ठाऊक नसतं आणि त्याचं मला काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटतं.

त्याहून जास्त डोकं फिरतं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. एखादा चुकून लॅबपर्यंत येतो, कवळी हातात घेऊन उलटीपालटी करतो आणि म्हणतो, "म्हणजे प्लॅस्टिकच का शेवटी?" अहो, तुमच्या चष्म्याची काच प्लॅस्टिकची. दवाखान्यात सलाइनची बाटली आणि तिची नळी प्लॅस्टिकची. अंगातला शर्ट अर्धा प्लॅस्टिकचा. गणपतीत ज्या महालासमोर उभं राहून फोटो काढता, तो महाल फायबरचा. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवतात ते भिंगसुद्धा माझ्या कवळीच्याच जातीचं असतं. तिथं चालतं, आणि तोंडापाशी आलं की लगेच नाक मुरडायचं!

आणि ती करणं म्हणजे काही बादली ओतणं नव्हे. एका वाटीत गुलाबी पावडर घ्यायची, तिच्यात नाकाला झोंबणारं लिक्विड ओतायचं. आधी ते ओल्या वाळूसारखं दिसतं, मग बोटाला तार सुटते, मग थोड्या वेळानं कणकेसारखा मऊ गोळा होतो. तेवढीच वेळ साधायची असते. लवकर भरलं तर आत बुडबुडे राहतात, उशीर झाला तर गोळा आडमुठा होऊन बसतो. साच्यात भरायचं, दाबून आवळायचं आणि गरम पाण्यात शिजवायचं. त्या शिजण्यात सुटे कण एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या करतात, असं आम्हाला कोर्सला शिकवलं होतं. पंचवीस वर्षं झाली, अजून साचा उघडताना माझा श्वास थांबतो.

माझ्या स्वतःच्या तोंडातही हीच जात आहे. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये मला जन्माची फट होती, ज्वारीचा दाणा अडकेल एवढी. लॅब टाकली तेव्हा एक ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात करणाऱ्याच्याच दातात फट, बरं दिसत नाही." त्यांनी पांढरा लेप लावला, निळ्या उजेडात कडक केला आणि अर्ध्या तासात फट बुजवून टाकली. मी नंतर कित्येक दिवस आरशासमोरून हललो नव्हतो.

तर अशा माणसाच्या आईनं त्याच्याच हातची कवळी तोंडात घालू नये, याला काय म्हणावं?

आईला आम्ही माय म्हणतो. आमचं गाव पिशोरच्या अलीकडं. वडील गेल्यावर ती माझ्याकडं शहरातल्या हडको वसाहतीत राहायला आली तेव्हा तिच्या तोंडात चार दात उरले होते, तेही हलणारे. ते काढून टाकले. बाजरीची कडक भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या शेंगा यांवर जिचं आयुष्य गेलं ती बाई वरणात भात कालवून गिळायला लागली. मग भातही कमी झाला. सहा महिन्यांत बायकोला तिचे ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "आजार काही नाही. चावून खात नाहीत म्हणून खंगत चालल्यात. दातांचं बघा." माझ्याकडं बघून ते हसलेही. दातांचं बघा, हे मला सांगत होते!

मी जीव ओतून कवळी केली. सगळ्यात चांगले दात मागवले, मोत्यासारखे, एका ओळीत, एका रंगाचे. हिरड्यांच्या गुलाबी भागावर बारीक लाल धागे टाकले, खऱ्या हिरडीत शिरा दिसतात तसे. हे धागेही नायलॉनचे असतात, आणि ते टाकायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मायच्या तोंडात बसवली, ती चपखल बसली. बायको म्हणाली, "किती छान दिसता हो!" माय आरशात बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "झ्याक हाये." आणि दुसऱ्या दिवशी कवळी डबीत, डबी कपाटात, कपाटाला कडी.

"माय, घालत का नाही?"

"घालती की."

घालायची ती पाहुणे आल्यावर. दाराची बेल वाजली की पदर सावरायचा आणि कवळी घालायची, असा तिनं नेम केला. गावाकडून कुणी आलं की तोंडभर हसून दाखवायची, "माझ्या लेकानं केलेत. सोत्ताच्या हातानं." पाहुण्यांची पाठ वळली की कवळी पुन्हा डबीत. जेवायला बसली की तोंड बोळकं. मी वेड्यासारखा विचारायचो, टोचते का, सैल होते का, मळमळतं का. "दुखत नाय काई," एवढंच उत्तर. दुखत असतं तर घासून दिलं असतं. न दुखणाऱ्या कवळीचं मी काय करू?

बरं, प्लॅस्टिकचा तिला तिटकारा असता तर एकवेळ समजलं असतं. पण आमच्या घरात तिच्याइतकं प्लॅस्टिकवर प्रेम कुणाचं नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन ती दोरीवर वाळत घालते. श्रीखंडाचा डबा ती मरेपर्यंत टाकणार नाही. तरुणपणी ती प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या विणायची. आमच्या पंचक्रोशीत बाजाराला निघालेल्या निम्म्या बायकांच्या हातात मायची पिशवी असायची, हिरव्यात पिवळी चौकट, नाहीतर लालमध्ये पांढरी. त्यातली एक अजून आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे, कांदे ठेवायला. एक टाकाही उसवलेला नाही. ज्या बाईचे हात प्लॅस्टिकमध्ये एवढे चालले, तिला तोंडातच तेवढं नको होतं.

एके दिवशी मागच्या गॅलरीत मला एक दुधाची पिशवी सापडली. आत भाकरीचे वाळलेले तुकडे. माझ्या समाधानासाठी ती ताटात भाकरी घ्यायची आणि माझं लक्ष नसलं की तुकडे पदराआड करायची.

"हे काय?"

"गायीला हाये."

"आणि तू काय खातेस?"

"मला आता लागतंय किती?"

तिचं मनगट माझ्या मुठीत धरलं तर बोटं सगळी जुळून वर उरत होती. मला इतका संताप आला की मी ती पिशवी तिथंच ठेवून लॅबला निघून गेलो. दिवसभर एकही साचा नीट उघडला नाही.

मग पाण्याचं प्रकरण झालं. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. घरात दोन निळे ड्रम आणि गच्चीवर काळी टाकी, आणि ती पुरवायची कसरत घरातल्या प्रत्येकाला पाठ. कवळी वापरात नसेल तेव्हा पाण्यात ठेवायची असते, नाहीतर ती सुकून वाकडी होते. हे मायला सांगितलं तर ती माझ्याकडं कीव येऊन बघायला लागली. "मानसायला प्यायला पानी नाय, आन् तू दातायला पाजाय लागला!" डबीत ती पाणी घालायची नाहीच. मी सकाळी घालायचो, ती ते तुळशीला ओतायची. हा खेळ आमच्यात महिनाभर चालला.

एकदा नळाला पाणी आलं ते पिवळं. मी घाईत होतो. जाताना बजावलं, "माय, पाण्याला वास येतोय. तोंडात जाईल ते सगळं उकळून घे. काही विसरू नको." हे वाक्य मी बोललो, हे मी नाकारत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर माय खुशीत. ओट्यावर पाण्याचं पातेलं झाकून ठेवलेलं, आणि शेजारी स्वच्छ फडक्यावर वरची आणि खालची कवळी. "उकळून घेतली रं," ती म्हणाली. "चांगल्या दोन उकळ्या दिल्या. येगळं पानी नाय लागलं, प्यायच्या पान्यातच घातली."

मी कवळी उचलली. जिवणी वेडावल्यासारखी ती एका बाजूला कललेली. मायच्या तोंडाचा एक प्लास्टरचा साचा मी जपून ठेवला होता, त्यावर दुसऱ्या दिवशी बसवून बघितली तर एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुगडुगली. गरम पाण्यातच शिजून ती झाली होती, पण तेव्हा साच्यात आवळलेली होती. मोकळी उकळली की ती अंग टाकते. लिहून दिलेल्या सूचनांमध्ये हे पहिलंच असतं, पण आपल्याच आईला सूचनांचा कागद कोण देतं?

त्या संध्याकाळी कवळी हातात धरूनच मी ओरडलो. सगळी गल्ली ऐकेल असा ओरडलो. "सबंध जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माझ्या दातांनी उसाची कांडकी खातात, आणि माझी माय प्लॅस्टिकचा रस्सा करून पाजते!" बायको मध्ये पडली तर तिच्यावरही घसरलो. आणि मग जे बोलू नये ते बोललो. "तुला जगायचंच नाही का? तसं असेल तर सांग, म्हणजे मी तरी हात धुऊन मोकळा होतो."

मायनं पातेल्यातलं पाणी गाळून माठात भरलं. आम्ही सगळ्यांनी ते प्यायचं होतं. तिच्या तोंडावरचा भाव मला तेव्हा दिसला नाही, कारण मी तिच्याकडं बघतच नव्हतो. त्या रात्री मीही जेवलो नाही. तिच्यावरचा राग होता असं मी स्वतःला सांगत राहिलो.

दुसरी कवळी केली. पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं नेऊन माप घेतलं, पुन्हा मेण, पुन्हा साचा. पहिल्यापेक्षा सरस झाली, दात आणखी एक छटा पांढरे. माय मुकाट्यानं सगळीकडं आली, तोंड उघड म्हटलं की उघडलं, बंद कर म्हटलं की बंद केलं. नवी कवळी घालून तिनं आरशात बघितलं आणि पुन्हा म्हणाली, "झ्याक हाये." डबी, कपाट, कडी. आता मी विचारणंही सोडून दिलं. लॅबमध्ये लोकांचे दात लावताना माझ्या हाताला कंटाळा यायला लागला. वजनकाट्यावर मी तिला दर रविवारी उभी करायचो आणि आकडा बायकोलाही सांगायचो नाही.

त्याच सुमारास फुलंब्रीचे एक निवृत्त गुरुजी लॅबचे जिने चढून आले. त्यांची कवळी मी नुकतीच पाठवली होती. माझी एक पद्धत आहे, डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय, पेशंटचा जुना फोटो असेल तर मापासोबत पाठवा. चेहऱ्याला शोभतील असे दात लावता येतात. गुरुजींचा फोटो आला नव्हता. तो आता ते स्वतः घेऊन आले होते, लग्नातला, कोपरे खाल्लेला.

"हे बघा," फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, "माझा हा सुळा असा पुढं होता. तुम्ही सरळ केला."

"सरळच बरा दिसतो, गुरुजी."

"बरा दिसतो, पण माझा दिसत नाही. नातू जवळ येईना झालाय. वाकडा करून द्या."

सरळ दात लावणं सोपं, वाकडा पटेल असा लावणं फार कठीण. शिवाय तयार कवळी पुन्हा मोडायची. मी पुष्कळ कुरकुर केली, पण ते ऐकेनात. फोटो ओट्यावर ठेवून गेले.

घरी येऊन जेवताना मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "माणसं कशी बघ! चांगलं दिलं तर वाकडं मागतात." माय समोर वरणभात कालवत होती. ती एकदम म्हणाली, "मंग? बरोबर हाये त्याचं."

"काय बरोबर आहे?"

"त्याचे दात हायेत. त्यानं सांगायचं कसे पायजेत." तिनं घास खाली ठेवला. "मी वायरची पिशवी इनायला घेतली की आधी बाईला इचारायची. कोन्ता रंग टाकू, चौकट कशी काढू, बंद केवढा ठेवू. तिच्या हातात राहनार ना ती. तू मला इचारलं व्हय?"

मी ताटातली भाकरी उगीच चुरत बसलो.

"आरशात बगितलं की दुसरीच कुनी बाई बसल्यावानी वाटतं. शिनिमातल्यावानी दात. त्या बाईच्या तोंडानं मी कशी जेवू? माज्या दातात फट व्हती. माज्या मायच्याबी व्हती. फट आमच्या म्हायेरची हाये."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?" माझा आवाज पुन्हा चढला होता, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

"लई हौसेनं केले तू. तोंडावर कसं सांगू?" आणि मग हळूच म्हणाली, "मानसं आली की घालत व्हते ना. तुझं काम दिसावं म्हून."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. ती माझ्या कामाची किंमत करत नाही म्हणून मी ओरडलो होतो, आणि ती माझ्या कामाची जाहिरात करत बसली होती, उपाशी राहून.

मी ताटावरून उठून म्हणालो, "तुझा जुना फोटो काढ. आत्ता." फोटो नव्हता. म्हणजे होते दोन-तीन, पण सगळ्यांत तोंडावर पदर किंवा ओठ मिटलेले. आधार कार्डावरही मिटलेले. दात दाखवून फोटो काढायची तिची पिढी नव्हती. मी चिडून कपाटं उपसली, पेट्या उघडल्या, गावाकडं भावाला फोन लावला. त्याच्याकडंही काही नव्हतं.

"कशाला हुडकतो," माय म्हणाली. "तुझ्याच तोंडात व्हती की माझी फट. तू बुजवली."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. मला आठवलं, लेप लावून पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा मी दारातच हसून दाखवलं होतं, आणि ती म्हणाली होती, "बरा व्हतास की." मी ते हसण्यावारी नेलं होतं. एवढ्या वर्षांत ती पुन्हा एका शब्दानं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि लेप काढा म्हणालो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. "अहो, चांगला टिकलाय की!" टिकलाय ना, तोच तर त्याचा दोष आहे, मी म्हणालो. माझं सगळं आयुष्य टिकणाऱ्या वस्तू करण्यात गेलं, आणि काय टिकवायचं हे मी कधी कुणाला विचारलं नाही. त्यांनी लेप घासून काढला. खाली माझे दात जसेच्या तसे होते. जिभेला ती फट सापडली तेव्हा चुकल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. मग मी माझ्याच तोंडाचं माप घ्यायला लावलं.

लॅबमध्ये खिडकीपाशी बसून मी मायचे दात माझ्या साच्याकडं बघत लावले. पांढरे परत पाठवून थोडे पिवळसर मागवले. पुढचे दोन एकमेकांपासून लांब ठेवले. डावा किंचित आत वळलेला, माझा वळलाय तसा. ती पिशवीवाल्या बायकांना विचारायची, बंद केवढा ठेवू, रंग कोणता टाकू, तसं मीही दोनदा मेणातले दात घरी नेऊन तिला दाखवले. "अजून जरा रुंद," ती म्हणाली. मी कुरकुरत फट रुंद केली. शिजवलं, थंड होऊ दिलं, साचा उघडला.

त्या दिवशी घरी मी कवळी तिच्या हातात दिली आणि आरसा पुढं धरला. आरसा तिनं हातानं बाजूला सारला.

"हास," ती मला म्हणाली.

"माय, आधी घाल तर खरं."

"हास म्हनते ना."

मी हसलो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि बघता बघताच तिनं वरची कवळी बसवली, मग खालची. आरशात बघितलंच नाही.

"आता ओळखू आलास," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "भाकर टाक गं. कडक."